दाजींच्या अंगात आलं तेव्हा

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या ताईचे यजमान. मी आठवी झाल्यावर घरी बसले, कारण नववी दुसऱ्या गावात होती आणि तिकडे एसटी जात नव्हती. आमचं गाव तुळजापूरच्या पलीकडे, फार आत. मुलगी घरी बसली की स्थळं येतात, तशी आली. एका स्थळाच्या वेळी दाजी सुट्टीवर आलेले होते. नवरामुलगा मान खाली घालून बसला होता आणि सगळं बोलणं त्याचा चुलताच करत होता. ते लोक चहा पिऊन गेल्यावर दाजी आईला म्हणाले (सासूला ते मामी म्हणत), "मामी, या पोराला तोंड आहे का नाही तेच कळंना. हिला मी घेऊन जातो तिकडं. कारखान्यात पॅकिंगला मुली लागतात. लग्न काय पळून चाललंय होय?"

आई रडली, पण तिने माझी पिशवी भरली. त्या दिवशी दाजी ओसरीवर नसते तर मी आज कुठे असते, हा विचार अजून येतो. म्हणून त्यांच्याबद्दल हे लिहायला मला फार दिवस धीर झाला नाही.

ताई आणि दाजी तेव्हा पीथमपूरला होते, म्हणजे मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यात. पत्र्याच्या खोल्यांची रांग, समोर कारखान्याची भिंत. सगळीकडे हिंदी, तीही माळव्याची. मी आधी दुकानात नुसतं बोट दाखवून सामान आणायचे. दाजी हसायचे, "मेव्हणीबाई, तोंड उघडा की! इथं सगळ्यांना भिया म्हणायचं, काम झालं." भिया म्हणजे भाऊ. मी एका भाजीवाल्या म्हाताऱ्यालाही भिया म्हटलं, तर त्याने खूश होऊन कोथिंबीर वर घातली. मी मुळातच भित्री. निजायच्या आधी गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा उठून बघायचे. दाजी अंथरुणातून म्हणायचे, "बघ, परत बघ. पळून गेला असेल सिलेंडर." पण हसता हसता शेवटी स्वतः उठून बघून यायचे आणि सांगायचे, "बंद आहे. झोप आता." तेव्हाच मला झोप लागायची.

पुढे ठेकेदाराने माणसं कमी केली आणि आम्ही देवासला आलो. एका काकूंच्या आवारात मागच्या बाजूला भाड्याच्या खोल्या होत्या. काकूंचे आजेसासरे देवास संस्थानात नोकरीला होते, तेव्हापासून ते घर तिथे. काकूंचं मराठी आमच्यासारखं नव्हतं. "अगो, उन्हात केस वाळवत बसू नये, पित्त होतं," असं त्या बोलत. भाडेकरू बहुतेक महाराष्ट्रातून कामाला आलेले. एक खोली तेवढी इथल्याच माळवी माणसाची, तो ऑटो चालवायचा. त्याला सगळे भियाच म्हणत. आवारातून टेकडी दिसायची. टेकडीवर तुळजाभवानी. एवढ्या लांब येऊनही आपली देवी वर बसलेली आहे, याचं ताईला फार अप्रूप होतं.

देवासला दाजी पॉवर प्रेसवर लागले. वरून साचा आदळतो, तेवढ्यात खाली पत्रा सरकवून हात काढून घ्यायचा. दिवसभर तेच. डुलकी लागली तर बोटं जातात. ठेकेदार डबल लावायचा, म्हणजे एक पाळी संपली की तिथल्या तिथे दुसरी. दाजींच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाची बोटं अशीच डबलमध्ये गेली. त्यानंतर दाजी घाबरले. जेवताना आपलेच हात बघत बसायचे. मग कुणीतरी त्यांना पुडी दिली. नशेची पांढरट पावडर. कारखान्यात सगळे तिला एमडी म्हणत. दाजी नंतर मला म्हणाले होते, "डोक्यात ट्यूब लागल्यासारखं झालं बघ. एकेक बोट वेगवेगळं दिसत होतं."

ही सुरुवात बोटं वाचवण्यासाठी होती, हे मी मुद्दाम लिहिते. कारण नंतर लोक त्यांना काय काय म्हणाले.

आम्हाला तेव्हा पुडीचं ठाऊक नव्हतं, त्यामुळे आधी बरंच वाटलं. दाजी डबल करून यायचे आणि तरी ताजेतवाने. बोलायचे, खूप बोलायचे, एक विषय संपायच्या आत दुसरा. कूलर खोलून साफ केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलला. मग काकूंचा मिक्सर, मग भियाच्या ऑटोचा आरसा. भिया म्हणाला, "दाजी भिया, आरसे में कई साफ करनो है, मुंडो तो वोई दिखेगो!" आरसा पुसला तरी तोंड तेच दिसणार, म्हणून सगळे हसले. दाजी हसले नाहीत, पुसतच राहिले.

मग जेवण सुटलं. ताटावर बसायचे आणि भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत राहायचे. जबडा सारखा हलायचा, दातांवर दात घासल्याचा आवाज यायचा, भातात खडा चावल्यासारखा. बोटं गार आणि निळसर. नाकातून रक्त आलं तर म्हणायचे उष्णता झाली. खिडकीच्या फटीत त्यांनी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, कारण म्हणे ठेकेदाराची माणसं बघतात. आणि पुडी नसली की एकदम कोसळायचे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे, उठवलं तर रडायचे. एवढा मोठा माणूस, "माझं काही खरं नाही ग," म्हणून लहान पोरासारखा रडायचा.

एका दुपारी पाण्याच्या टाकीमागे मी त्यांना पुडीत बोट बुडवून चाटताना पाहिलं. ते दचकले नाहीत. म्हणाले, "डबल लागली की घेतो. लाईनमधले सगळेच घेतात. ताईला सांगू नको."

मी त्याच संध्याकाळी ताईला सांगितलं. भित्र्या माणसाच्या पोटात काही राहत नाही, हे एक बरं.

ताईने आरडाओरडा केला नाही. घटस्थापना जवळ आली होती. काकूंकडे दरवर्षी घट बसायचे आणि आवारातले सगळे मराठी लोक तिथेच आरतीला जमायचे. घट बसले त्या दिवशी ताईने दाजींना पहाटे आंघोळ करायला लावली, घटासमोर नेलं आणि म्हणाली, "हात ठेवा. आईची आण घ्या." दाजींनी मातीच्या घटावर हात ठेवला. म्हणाले, "आईची आण. पुन्हा शिवणार नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तेव्हा ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही.

आमच्या मुलखात भवानीची आण घेऊन कुणी मोडत नाही. मोडणारा वाचत नाही, असं आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे त्या सकाळनंतर ताईच्या मनातून तो विषय संपला.

नवरात्रात दाजी संबळ वाजवू लागले. संबळ म्हणजे देवीच्या गोंधळात वाजवतात ते जोडवाद्य. लहानपणी ते मामांकडे शिकले होते. कारखान्यातून आले की घटासमोर बसायचे आणि वाजवत राहायचे. हात थकत नव्हते. जेवण नाहीच. ताईला वाटलं, कडक उपास धरलाय. काकू म्हणाल्या, "अगो, एवढी निष्ठा हल्ली कुठे बघायला मिळते? नुसत्या पाण्यावर आहे हो तुझा नवरा." शेजारणी त्यांच्या पाया पडू लागल्या. आणि मी त्यांच्या जबड्याकडे बघत होते. तो हलत होता. मी ताईला हळूच म्हटलं तर ती म्हणाली, "उपासाने होतं तसं. तोंड सुकतं. तू त्यांच्या मागे लागू नको आता, चांगल्या वाटेला लागलेत."

अष्टमीला दुपारची आरती होती. ऑक्टोबरचं ऊन, आवारात वारा नाही, वर मांडवाचं कापड, खाली धुपाचा धूर. दाजी सकाळपासून वाजवत होते. शर्ट अंगाला चिकटला होता. आरती सुरू झाली तशी त्यांची मान हलायला लागली, मग खांदे, मग सगळं अंग. संबळ बाजूला पडला. डोळे असे मोठे की काळ्याशिवाय काही दिसेना.

"घुमतायत! आई आली!" कुणीतरी ओरडलं. "आई राजा उदो उदो!"

काकूंनी पुढे होऊन त्यांच्या कपाळभर कुंकवाचा मळवट भरला. बायका रांगेने पाया पडू लागल्या. एकीने विचारलं, "आई, माझ्या सुनेला दिवस कधी जातील?"

दाजी पुटपुटले, "पंखा... पंखा..."

"आई वारा मागतेय! वारा घाला ग!" तिघी चौघी पदराने वारा घालू लागल्या. सुनेच्या सासूने तिथल्या तिथे देवळाला पंखा बोलून टाकला.

मी घुसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तव्यावर ठेवावा तसा हात भाजला. आत काळीज असं धडधडत होतं की ते बोटांना कळत होतं. मी ओरडले, "पाणी आणा! यांचा शर्ट काढा!"

काकू म्हणाल्या, "दूर हो मुली. संचार असताना शिवू नये."

"काकू, ही देवी नाही. ते त्या पावडरीचं आहे."

आरतीच्या टाळ्या थांबल्या. ताई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मळवटाचं थोडं कुंकू तिच्याही बोटांना लागलं होतं. तिने मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "त्यांनी घटावर हात ठेवून आण घेतलीय. तू नवऱ्यावर संशय घे माझ्या, पण आईवर घेतेस?"

तेवढ्यात दाजी आडवे झाले आणि हातपाय झाडू लागले. तरी कुणी पुढे होईना. सगळ्यांचे हात जोडलेले. दारात भिया उभा होता, तो म्हणाला, "अरे, देवी होय कि नी होय, आदमी तो मरी रियो है! उठाव!" त्याने काखेत हात घातले, मी पाय धरले. ताई आणि मी ऑटोत बसताना काकूंनी दाजींच्या मांडीवर नारळ ठेवला. तो नारळ दवाखान्यापर्यंत माझ्या पायात गडगडत होता.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होता. त्याने पहिलं विचारलं, "क्या लिया है इसने?"

"कुछ नहीं," ताई म्हणाली. "नौरात्रि का उपवास है. देवी आती है इनको."

डॉक्टरने दाजींच्या काखेतलं थर्मामीटर पाहिलं. म्हणाला, "बहनजी, उपवास से आदमी ठंडा पड़ता है. तपता नहीं है."

मी म्हटलं, "एमडी लेते हैं."

त्यानंतर सगळे पळू लागले. बर्फ, ओल्या चादरी, सलाईन, झटके थांबवायचं इंजेक्शन. डॉक्टरने नंतर मला व्हरांड्यात सांगितलं, उशीर केला असता तर गेले असते. आणि हृदयावर ताण आलाय, आता परत घेतलं तर सांगता येणार नाही. त्या डॉक्टरचे आभार मानायचे राहिले. मी नुसते हात जोडले, आणि आवारात सगळे असेच हात जोडून उभे होते हे आठवून ते पटकन खाली घेतले.

दोन दिवसांनी दाजी नीट शुद्धीवर आले. काकू ओटी घेऊन आल्या, मागे आवारातल्या बायका. काकूंनी विचारलं, "काही आठवतं का हो त्या दिवसाचं?"

दाजींनी ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा मी विसरणार नाही. सगळा जीव त्या एका उत्तरावर टांगलेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"आई आली होती," ते म्हणाले.

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनेसुद्धा हात जोडले. मी बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं.

मला वाटतं त्यांनी ते ताईसाठी केलं. एक माणूस आपल्या बायकोसमोर आण मोडणारा ठरण्यापेक्षा दुसरं काहीही कबूल करील. पण त्या तीन शब्दांत ते अडकले. घरी आल्यावर लोकांनी त्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ घातली. दर मंगळवारी खोलीसमोर माणसं बसू लागली. हाटपिपल्याहून, उज्जैनच्या रस्त्यावरच्या खेड्यांतून. कुणाची म्हैस हरवली, कुणाचा मुलगा बोलत नाही. मंगळवारी अंगात यायलाच हवं, आणि ते पावडरीशिवाय येत नव्हतं. आधी प्रेससाठी घ्यायचे, आता देवीसाठी. प्रेसची नोकरी केव्हाच सुटली होती.

ताई माझ्याशी बोलत होती, पण मीठ दे, बादली भर, एवढंच. मी एकदा दाजींना एकटं गाठून म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना? सांगून टाका ना ताईला." ते माळेतली एक कवडी फिरवत बसले. किती वाळले होते. मग म्हणाले, "खरी येत नाही ग ती. एकदा तरी खरी यावी म्हणून घेतो. खरी आली की सोडीन."



मला त्या आवारात राहणं कठीण झालं. बायका मला बघून पदर सावरायच्या. अशा वेळी माझी सोय केली ती काकूंनीच. माझ्यावर चिडलेल्या असूनही त्यांनी धारला आपल्या मावसबहिणीकडे मला पाठवलं. त्या निवृत्त शिक्षिका, एकट्या, डोळे अधू. मी त्यांना बाई म्हणायचे. स्वयंपाक करायचा आणि रोज त्यांना मराठी पुस्तक वाचून दाखवायचं. मी अडखळत वाचायचे, त्या दुरुस्त करायच्या. त्यांनी माझा दहावीचा मुक्त शाळेचा अर्ज भरून घेतला. हे चार शब्द मी लिहू शकते ते त्यांच्यामुळे. काकूंचे उपकार त्याआधी. माझ्यावर उपकार करणारी माणसं आणि मला खोटी ठरवणारी माणसं बरीचशी तीच आहेत, त्यामुळे मला कुणाचा नीट रागही धरता येत नाही.

ताईचा फोन आला तेव्हा मी बाईंना वाचून दाखवत होते. मंगळवार होता, सकाळची वेळ. ताईचा आवाज अगदी साधा होता. म्हणाली, "ते घुमता घुमता आडवे झाले. लोक म्हणाले, आई शांत होऊ दे, हात लावू नका. आरती म्हणत बसले होते ग सगळे, हात जोडून." मग म्हणाली, "मीपण."

मी पोहोचेपर्यंत दाजींच्या पायांवर हारांचा ढीग झाला होता. लोक म्हणत होते, आईने आपल्या पोराला नेलं, भाग्यवान. मी गर्दीतून वाट काढून त्यांचे हात पाहिले. दहाही बोटं शाबूत होती. मला तिथेच रडू फुटलं.

तेराव्यानंतर आवारातल्या लोकांनी ताईला दाजींच्या जागी बसायला सांगितलं. जागा रिकामी राहू नये म्हणे. ताई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे धारला आली. बाईंच्या ओळखीने एका वसतिगृहात पोळ्या लाटायचं काम मिळालं. ती दाजींबद्दल बोलत नसे. देवळातही जात नसे, आणि जात नाही असं सांगतही नसे. रात्री तिचा श्वास चालू आहे ना, हे मी अधूनमधून उठून बघायचे, आणि तिला ते कळायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात आवारातली एक शेजारीण पत्ता विचारत वसतिगृहावर आली. मी ताईला मदतीला गेले होते. शेजारणीने पिशवीतून नारळ आणि लिंबं काढली. तिचा धाकटा दीर पीथमपूरला कारखान्यात होता. म्हणाली, "ताई, त्याच्याही अंगात यायला लागलंय. तुमच्याकडे दाजींचा अंगारा असेल ना? चिमूटभर द्या."

ताईने लाटणं खाली ठेवलं. "जेवतो का?"

"नाही हो! नुसत्या चहावर आहे. एवढी निष्ठा..."

"जबडा हलतो?"

"अगदी! दाजींसारखाच!" शेजारीण हरखून म्हणाली. "आणि ती मोटरसायकल दिवसभर पुसत बसतो. अंग नुसतं तापलेलं असतं."

"आत्ता कुठे आहे?"

"खोलीवर. सासूबाई आहेत जवळ. त्यांनी दिवा लावलाय."

ताईने पीठ लागलेले हात लुगड्याला पुसले आणि चपला शोधू लागली. म्हणाली, "सासूला फोन लाव. दिवा असू दे, पण म्हणावं त्याला गार पाण्याने पूस आणि शेजारून माणसं बोलाव, दवाखान्यात न्यायला. आम्ही येतोच."

"दवाखान्यात? अहो पण अंगारा..."

"अंगारा नाही माझ्याकडे," ताई म्हणाली. "माझा नवरा पावडरीने मेला. देवीने नाही नेला. त्याच्या अंगात देवी कधी आलीच नव्हती, आणि ते मला माझ्या बहिणीने सांगितलं होतं."

हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, चपलेचा पट्टा लावत होती.

त्या बाईचा चेहरा असा झाला, जणू तिला कुणी शिवी दिली. नारळ तिने पिशवीत परत घातला. आम्ही बस स्टँडवर गेलो तेव्हा ती आमच्यापासून लांब, एका खांबाला टेकून उभी राहिली. फोन हातात होता, पण तिने तो लावला की नाही, कळत नव्हतं. ताई माझ्या कानाशी म्हणाली, "नाही आली तरी आपण जायचं. खोली सापडेल विचारत विचारत."

पीथमपूरची बस लागली. आम्ही चढलो, मी खिडकीतून वळून पाहिलं. ती खांब सोडून दोन पावलं आली, थांबली. कंडक्टर ओरडला, "चलो बाई, बैठनो है कि नी?"

ती चढली. ताईने सरकून तिला जागा करून दिली, आणि तिच्या हातातला फोन घेऊन म्हणाली, "नंबर सांग."